अ‍ॅग्नेस स्मेडली : पार्टीने दार लावलेली कॉम्रेड

डॉक्टर कोटणीस आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक. सोलापूरचा पोरगा. १९३८ साली चीनला गेला, जपान्यांशी लढणाऱ्या फौजेचे जखमी शिवता शिवता वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ९ डिसेंबर १९४२ ला, तिथंच मेला. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्याच्यावर सिनेमा काढला. शाळेच्या पुस्तकात धडा, सोलापुरात स्मारक. चांगलंच झालं. मेलेल्या डॉक्टरचा मान राखायला आपली ना नाय.

पण एक प्रश्न कुणी विचारत नाय. चीनच्या डोंगरात लढणाऱ्या फौजेला हिंदुस्थानातून डॉक्टर मागवायचं डोकं कुणाचं? सेनापती चू तेह यानं नोव्हेंबर १९३७ मध्ये नेहरूंना पत्र लिहिलं हे खरं. काँग्रेसनं पैसा जमवला, पाच डॉक्टर निवडले, अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी, आणि १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीत बसवले हेही खरं. त्यातले दोघं आपल्या मुलखातले, चोळकर नागपूरचे. पण चू तेहच्या मागं लकडा लावून ते पत्र लिहून घेणारी, आणि स्वतःही नेहरूंना लिहिणारी एक बाई होती. अमेरिकेची. अ‍ॅग्नेस स्मेडली. धंदा पत्रकारितेचा. बाप कोळशाच्या खाणींवर घोडागाडी हाकून माल ओढणारा, आई लोकांचे कपडे धुणारी.

आता मी तिच्यावर लिहितेय ते जयंती-पुण्यतिथी म्हणून नाय. तिच्या आयुष्यातले तीन प्रश्न आपल्या दर बैठकीत येतात आणि दर बैठकीत आपण ते सतरंजीखाली सारतो. एक : दुसऱ्याच्या लढ्याला पाठिंबा द्यायचा म्हंजे नेमकं करायचं काय? दोन : पाठिंबा दिला की तोंडाला कुलूप घालायचं का? तीन : क्रांती करणारा पुरुष बाईशी कसा वागतो, हे क्रांतीच्या हिशोबात धरायचं की नाय? स्मेडलीनं हे तिन्ही प्रश्न अंगावर घेतले. काहींची उत्तरं बरोबर दिली, काहींची चुकीची. दोन्ही आपल्या कामाची आहेत.

●

१८९२ साली मिझुरी राज्यातल्या ऑसगुड गावात ती जन्मली. शेती पोट भरेना म्हणून बाप बिऱ्हाड घेऊन कोलोरॅडोच्या कोळसा पट्ट्यात गेला. ट्रिनिडाड नावाचं खाणगाव. खाणी रॉकफेलरच्या कंपनीच्या, दुकान कंपनीचं, खोली कंपनीची, शेरीफही कंपनीच्याच खिशातला. त्याच पट्ट्यात लडलो इथं २० एप्रिल १९१४ ला संपकरी खाण-कामगारांच्या तंबूंवर गोळ्या चालवल्या, तंबू पेटवले, खड्ड्यात लपलेल्या बायका-पोरं गुदमरून मेली. तेव्हा अ‍ॅग्नेस तिथून बाहेर पडलेली होती. पण ती कुठल्या मातीतली, ते यावरून कळावं.

शाळा धड झाली नाय. आई १९१० साली मेली. काबाडकष्टानं मेली असं सरळ म्हणायला हरकत नाय. पोरगी खेड्यातल्या शाळेत मास्तरीण झाली, टायपिंग शिकली, मासिकं विकत गावोगाव हिंडली. लग्न केलं, मोडलं. मूल नको म्हणून गर्भपात सोसले. हे सगळं तिनं पुढं ‘डॉटर ऑफ अर्थ’ या कादंबरीत लिहिलं. १९२९ साली ती आली. नावं बदललेली, आयुष्य तेच. दारू पिऊन आलेला बाप, धुण्याच्या वाफेत उभी आई, अंग विकून घराला पैसा देणारी मावशी. त्या मावशीबद्दल लिहिताना ही पोरगी खाली बघत नाय. उलट विचारते की लग्न करून रोज मार खाणारी बाई आणि पैसे मोजून घेणारी बाई, यात जास्त मोकळी कोण?

माझी आई चार घरची धुणीभांडी करते. तिच्या हाताची सालं सोडा-साबणानं निघतात. मराठीत धुणंवालीची पोरगी कथेत आली की एकतर तिच्यावर दया, नाय तर तिच्या पदराचं वर्णन. ‘बलुतं’ १९७८ ला आलं, बेबीताईंचं ‘जिणं आमुचं’ १९८६ ला, तेव्हा कुठं आपल्या घरातलं आपल्या तोंडून बाहेर आलं. स्मेडलीनं हे काम इंग्रजीत पन्नास वर्षं आधी केलं होतं. पण तिची कादंबरीही दाबली गेली, विसरली गेली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या फेमिनिस्ट प्रेसनं परत छापली तेव्हा लोकांना कळलं की अशी कुणी होती. गरिबाचं पुस्तक दोनदा छापावं लागतं, तेव्हा एकदा वाचलं जातं.

●

आता हिंदुस्थानचा भाग. हा आपण नीट वाचला पाह्यजे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ती न्यूयॉर्कला आली. तिथं लाला लजपतराय होते. तिनं त्यांचं टायपिंग करावं, त्यांनी तिला हिंदुस्थानचा इतिहास शिकवावा असं ठरलं. त्यांच्यामार्फत ती हिंदी क्रांतिकारकांत गेली. त्यांचे कागद लपवणं, पत्ते सांभाळणं, पैसे जमवणं. मार्च १९१८ मध्ये अमेरिकन सरकारनं तिला उचललं. आरोप दोन : परक्या देशाच्या बंडखोरांना साथ, आणि संततिनियमनाची माहिती वाटणं. ‘टूम्ब्स’ नावाच्या तुरुंगात कोंडली. तिथं तिनं बरोबरच्या कैदी बायकांची शब्दचित्रं लिहिली. वेश्या, चोर, बंडखोर, सगळ्या एका ओळीत.

दुसरा आरोप बारीक वाटतो. नाय. मार्गारेट सँगरबरोबर ती हे काम करत होती, पुढं बर्लिनमध्येही संततिनियमनाचं केंद्र उभं करण्यात तिचा हात होता. कारण आईला बाळंतपणांनी झिजताना तिनं पाह्यलं होतं. आपल्याकडं १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यासाठीचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. ठराव पडला. कोटणीस बोटीत बसून तेव्हा सव्वादोन महिने झालेले. तिकडं चीनला डॉक्टर पाठवणारा देश इकडं गरीब बाईच्या पोटाचा प्रश्न मतदानात पाडत होता. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात, न्यूयॉर्कलाच. लजपतराय तिथं आले तेव्हा या हुशार विद्यार्थ्याला आपल्या राजकारणात ओढायचा त्यांनी प्रयत्न केला, असं धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. बाबासाहेब गेले नाहीत. अभ्यासाला आले होते, अभ्यास केला. थोड्याच दिवसांनी त्याच लजपतरायांच्या खोलीत खाणगावची एक गोरी पोरगी आली आणि अख्ख्या आयुष्यासकट आत शिरली. एकाला हिंदुस्थान अंगाखालून माहीत होता. दुसरीला तो पुढाऱ्यांच्या तोंडून कळला.

हा फरक छोटा नाय. स्मेडलीला ज्यांनी हिंदुस्थान सांगितला ते पुढारी सवर्ण होते. त्यांनी तिला इंग्रज दाखवला, आणि इंग्रज जुलमीच होता. पण गावकुसाबाहेरचं कुणी कशाला दाखवील? १९२१ पासून ती बर्लिनमध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर राहिली. सरोजिनी नायडूंचा हा भाऊ, हैदराबादेत वाढलेला बंगाली ब्राह्मण, मोठा विद्वान, खरा त्यागी. त्याचा त्याग मी नाकारत नाय. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रुसेल्सला साम्राज्यशाहीविरोधी परिषद भरली, त्यामागं धडपडणाऱ्यांत चट्टो होता. नेहरू तिथं होते. पुढच्याच महिन्यात, २० मार्चला, महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं आणि डोकी फोडून घेतली. ब्रुसेल्सच्या टाळ्यांमध्ये महाडच्या काठ्यांचा आवाज पोचला नाय. स्मेडलीनं हिंदुस्थान डोळ्यांनी कधीच पाह्यला नाय. म्हणून तिला मी सूट देते. ज्यांनी पाह्यला होता त्यांना नाय.

आणि बर्लिनच्या त्या घरात काय चाललं होतं? देशभक्तांची रीघ. रात्री-अपरात्री येणारे पाहुणे, जागतिक राजकारणावर चर्चा. स्वयंपाक कोण करणार? भांडी कोण घासणार? कमावून कोण आणणार? अ‍ॅग्नेस. चट्टोचं आधीचं लग्न कायद्यानं सुटलेलं नव्हतं, म्हणून हिचं लग्नही कायदेशीर नाय. त्यावरून कुजबुज वेगळी. ती आजारी पडली, मनानं खचली, उपचार घेतले, शेवटी बाहेर पडली.

कादंबरीत याहून वाईट आहे. हिंदी चळवळीतलाच एक पुरुष नायिकेवर जबरदस्ती करतो. पुढं ती ज्या हिंदी क्रांतिकारकाशी लग्न करते, त्याला खाली खेचायला हेच प्रकरण हत्यार म्हणून वापरलं जातं. गुन्हा करणारा चळवळीत ताठ मानेनं. आणि प्रश्न कुणाच्या चारित्र्याचा? तिच्या. नवरा जागतिक क्रांती बोलतो पण बायकोचा भूतकाळ त्याला गिळवत नाय. लग्न मोडतं. गोऱ्या सायबाविरुद्ध जीव द्यायला तयार असलेली माणसं बाईच्या बाबतीत मनुस्मृती डोक्यात घेऊन फिरत होती. बर्लिनमध्ये. विसाव्या शतकात.

हे वाचून कुणी म्हणेल, ते बामणांचं, आपलं नाय. थांबा दोस्त. मागं एका बैठकीत एका कार्यकर्तीनं तक्रार मांडली. कुणाबद्दल आणि काय, ते इथं लिहीत नाय. तिला उत्तर मिळालं : आधी समाजाचा प्रश्न, मग बायकांचा, आत्ता हे काढलंस तर विरोधकाच्या हातात कोलीत. मग सगळ्यांसाठी चहा करायला सांगितलं तेही तिलाच. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. तिची राख कुणाकुणाच्या डोक्यात अजून गरम आहे, हे जात पाहून ठरत नाय.

●

१९२८ च्या अखेरीस ती चीनकडं निघाली, ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’ या जर्मन दैनिकाची बातमीदार म्हणून. पुढं शांघाय. शांघाय म्हंजे परक्यांच्या वसाहती, नाचघरं, आणि पहाटे फुटपाथवरून उचलली जाणारी प्रेतं. परदेशी बातमीदार क्लबात बसून बातम्या करत. ती गिरण्यांत गेली, खेड्यांत गेली. जमीनदार कसा कर घेतो, सूतगिरणीत पोरी किती तास उभ्या असतात, हे विचारत हिंडली. खाणगावच्या पोरीला शोषण ओळखायला पुस्तक लागत नाय.

तिथं तिची लू शुनशी दोस्ती झाली. चीनच्या नव्या साहित्याचा बाप. सप्टेंबर १९३० मध्ये त्याच्या पन्नाशीचा समारंभ पोलिसांच्या नाकाखाली करायचा होता. तिनं एक डच हॉटेल भाड्यानं घेतलं आणि पोलिस येतात का बघायला स्वतः दाराशी उभी राह्यली. ७ फेब्रुवारी १९३१ ला चांग कै-शेकच्या सरकारनं पाच तरुण डाव्या लेखकांना इतर साथीदारांबरोबर गुपचूप गोळ्या घातल्या. लू शुननं तिला त्यावर लेख लिहून दिला. छापला तर तुमचा जीव जाईल, असं तिनंच त्याला बजावलं. तो हटला नाय. मग तिनं तो बाहेर पोचवला. बातमी दडपणं हे सरकारचं काम, फोडणं हे बातमीदाराचं. यात तटस्थपणा कुठं बसतो ते मला कुणी समजावून सांगावं. आपल्याकडची मोठी पेपरं खैरलांजी २००६ मध्ये घडलं तेव्हा किती दिवस तटस्थ होती ते आपण विसरलेलो नाय.

डिसेंबर १९३६ मध्ये सियानला चांग कै-शेकला त्याच्याच सेनापतींनी कैद केलं. स्मेडली शहरात होती. रेडिओवरून इंग्रजीत बातम्या देऊ लागली आणि जगाला तिचा आवाज माहीत झाला. तिथून ती १९३७ च्या सुरुवातीला येनानला पोचली. डोंगरात कोरलेल्या गुहा, त्यात क्रांतीचं सरकार. माओ तिथं, चू तेह तिथं. चू तेह गरीब शेतकऱ्याच्या घरचा. त्याच्याशी तिचं जमलं, कारण दोघांच्या आयांचे हात सारखे होते. ती रोज त्याचं आयुष्य विचारून लिहून घेऊ लागली. ते पुस्तक, ‘द ग्रेट रोड’, तिच्या मरणानंतर १९५६ ला छापलं गेलं.

येनानमध्ये ती गप्प बसली नाय. गुहांत उंदीर फार, प्लेगची भीती. तिनं उंदीर मारायची मोहीम काढली, पुढारी हसले तरी सोडली नाय. परदेशी पुस्तकं जमवली. फुलांचं बियाणं मागवलं. ग्रामोफोन लावून सेनापतींना नाचायला शिकवलं. त्यावरून पुढाऱ्यांच्या बायका खवळल्या. लाँग मार्च चालून आलेल्या त्या बायका. नवऱ्यांनी परक्या बाईबरोबर नाचावं हे त्यांना सोसलं नाय. प्रकरण माओची बायको हो त्झू-चेन हिच्याशी हाणामारीपर्यंत गेलं. इथं सगळा दोष एकीच्या पदरात टाकू नका. ज्या बाईनं अंगात बाँबचे तुकडे घेऊन मार्च पुरा केला, तिचाही राग समजून घ्या. दोन लढलेल्या बाया एकमेकींवर धावून गेल्या आणि ज्याच्यामुळं गेल्या तो माओ नामानिराळा.

त्याच वर्षी स्मेडलीनं चिनी कम्युनिस्ट पार्टीचं सभासदत्व मागितलं. पार्टीनं नाय म्हटलं. सांगितलं की तू बाहेरची पत्रकार म्हणूनच जास्त उपयोगी आहेस. ती ढसाढसा रडली. ज्यांच्यासाठी देश सोडला, पोलिसांचा ससेमिरा घेतला, त्यांनी उपयोग मोजून दाराबाहेर ठेवलं. ‘उपयोगी’ हा शब्द नीट ऐका. चळवळीत आपल्यालाही अनेकदा तोच शब्द मिळतो.

मी तिच्या जागी असते तर? माहीत नाय. ती सप्टेंबर १९३७ मध्ये येनानमधून निघाली. घोड्यावरून पडून पाठ दुखावलेली. निघाली ती घरी नाय, आघाडीवर. आठव्या रूट आर्मीबरोबर, मग हँकौ, मग १९३८ ते १९४० नव्या चौथ्या फौजेबरोबर यांगत्सेच्या खोऱ्यात. ‘मँचेस्टर गार्डियन’ला बातम्या द्यायची आणि उरलेल्या वेळात औषधं मागायची. ज्याच्या-त्याच्याकडं. रेडक्रॉस, इंग्रज वकील, मिशनरी, कुणाला सोडलं नाय. जखमी शिपाई गवतावर पडून कुजतो, बँडेज धुऊन परत वापरतात, सैन्यात शिकलेला डॉक्टर शोधून सापडत नाय, हे तिनं पाह्यलं होतं. कोटणीसांना नेणारं पत्र याच्यातून आलं. घोषणेतून नाय.

त्या फौजेत तिच्या दिमतीला दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा दिला होता. शेन कुओ-हुआ. गरिबीनं घर उद्ध्वस्त झालेलं. तिचा जीव त्याच्यावर जडला. त्याला दत्तक घेऊन शिकवायचं तिच्या मनात आलं, तसं तिनं विचारलं. पोरगं म्हणालं, लढाई जिंकल्यावर बघू. ती निघून आली. परत भेट नाय.

●

आता अवघड भाग. इथं आपले डावे मित्र खोकतात आणि विषय बदलतात.

स्मेडली हेर होती का? फेब्रुवारी १९४९ मध्ये अमेरिकन लष्करानं जाहीर अहवाल काढून तिला सोव्हिएट हेर म्हटलं. शांघायमध्ये रिचर्ड सोर्गे या सोव्हिएट हेराशी तिची ओळख होती, जपानी पत्रकार ओझाकीची आणि त्याची गाठ तिनं घालून दिली होती. दोघांना नोव्हेंबर १९४४ मध्ये टोकिओत फाशी झालं. ती रेडिओवर गरजली की पुरावा द्या नाय तर कोर्टात खेचते. लष्करानं थोड्याच दिवसांत माघार घेतली. पुढं कित्येक वर्षं डाव्यांनी तिला मॅकार्थी-जमान्याची निरपराध बळी म्हणून मिरवलं. मग २००५ साली रूथ प्राइस या चरित्रकार बाईनं कागदपत्रं काढली. तिला स्मेडलीला निर्दोष ठरवायचं होतं. निघालं उलटं. कॉमिन्टर्नसाठी आणि सोव्हिएट लष्करी हेरखात्यासाठी तिनं खरंच काम केलं होतं.

मला यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, त्यांची मिसळ करायची नाय. हिटलरच्या दोस्त जपानविरुद्ध माहिती दिली, याची मला लाज वाटत नाय. त्या काळात बाजू घेणं भाग होतं. पण वाचकाला सांगायचं मी पत्रकार, आणि खिशात दुसऱ्याचं काम, याची किंमत असते. ती तिची तिनं मोजलीच, तिच्या मागून येणाऱ्या प्रत्येक डाव्या बातमीदारालाही मोजावी लागली. आज कुठल्याही पोरानं गावातल्या अत्याचाराची बातमी दिली की पोलिस विचारतात, पैसा कुठून येतो, हस्तक कुणाचा. त्या प्रश्नाला आपल्याकडं एकच उत्तर असलं पाह्यजे : हे घ्या, सगळं उघडं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून जड. ज्या मॉस्कोसाठी तिनं काम केलं, त्याच मॉस्कोनं चट्टोला पकडलं आणि २ सप्टेंबर १९३७ ला गोळी घातली. जन्मभर इंग्रजांना सापडला नाय तो माणूस स्वतःच्या छावणीत मारला गेला. आणि येनान? तिंग लिंग या लेखिकेनं मार्च १९४२ मध्ये महिला दिनाच्या निमित्तानं तिथल्या बायकांचे हाल लिहिले. लग्न केलं तरी बोलणं, नाय केलं तरी बोलणं. पार्टीनं तिला चुकीची कबुली द्यायला लावली. १९५७ नंतर तिच्यावर उजवी म्हणून शिक्का, वर्षानुवर्षं उत्तरेकडं श्रमाची शिक्षा. खुद्द चू तेहची सांस्कृतिक क्रांतीत विटंबना झाली. जी गोष्ट स्मेडलीला येनानमध्ये टोचत होती, तिचं उत्तर ‘क्रांतीनंतर बघू’ असं मिळालं. क्रांती १९४९ ला झाली. नंतर कुणी बघितलं नाय.

स्मेडली ते बघायला जिवंत नव्हती. १ ऑक्टोबर १९४९ ला नवं चीन उभं राह्यलं तेव्हा तिला तिकडं जायचं होतं. अमेरिकेतून कशीबशी इंग्लंडपर्यंत पोचली. ६ मे १९५० ला ऑक्सफर्डमध्ये पोटाच्या ऑपरेशननंतर मेली. मृत्युपत्रात लिहिलं की राख चीनमध्ये पुरा आणि जे काय असेल ते चू तेहला द्या. १९५१ मध्ये पेकिंगच्या क्रांतिकारकांच्या स्मशानभूमीत राख पुरली. दगडावर तिला चिनी जनतेची मैत्रीण म्हटलंय. सभासद नाय, मैत्रीण. मेल्यावरही पार्टीनं हिशोब चोख ठेवला.

●

मग तिच्यापासून घ्यायचं काय?

पँथर १९७२ ला जन्मली तेव्हा नाव ओकलंडच्या काळ्या पोरांकडून घेतलं होतं. परक्याचा लढा आपला मानणं आपल्या रक्तात आहे, ते कुणी शिकवायला नको. पण आज पाठिंबा म्हंजे भिंतीवर चे गव्हाराचं पोस्टर, मोबाईलवर कुठल्या तरी देशाचा झेंडा, आणि एक कविता. स्मेडलीचा पाठिंबा म्हंजे बँडेज किती गज लागेल याची यादी. मी ही यादीवाली बाई मानते. लढणाऱ्याला काय हवं ते त्याला विचारायचं, जमेल तेवढं पोचवायचं, आणि जाऊन डोळ्यांनी बघून लिहायचं. तिला हिंदुस्थान फक्त पुढाऱ्यांनी सांगितला म्हणून अर्धा हिंदुस्थान दिसला नाय, हे लक्षात ठेवून आपण कुठल्याही देशाच्या पुढाऱ्याला विचारायचं : तुमच्या गावकुसाबाहेर कोण राहतं? आधी त्याच्याशी बोलू द्या.

आणि पाठिंबा म्हंजे कुलूप नाय. तिनं येनानमध्ये तोंड उघडलं ते बरोबर. मॉस्कोच्या कामात ते मिटलं ते चूक. आपली चळवळ आपली आहे म्हणूनच तिच्यातली घाण आपल्या अंकात छापली पाह्यजे. विरोधकाच्या हातात कोलीत जातं, हे कारण १९३७ ला होतं, १९४२ ला होतं, मागच्या बैठकीतही होतं. कोलीत त्याच्या हातात जायच्या आधी आपण विझवलं असतं तर?

शेवटी तीन मागण्या, संपादक मंडळाकडं आणि सगळ्या शाखांकडं. पहिली : ज्या पोरी मोर्च्यात जाऊन टिपणं काढतात त्यांच्या नावानिशी बातमी छापा, ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ म्हणून नको. दुसरी : कार्यकर्तीची तक्रार आली तर त्याच बैठकीत नोंदवा, चौकशीला बाहेरच्या दोन बायका घ्या आणि निकाल अंकात द्या. तिसरी : ‘डॉटर ऑफ अर्थ’ आपल्या बोलीत आणायला चारजणी बसू या. वस्तीतल्या धुणंवाल्या बायांना वाचून दाखवता येईल अशा मराठीत. मी पहिलं प्रकरण घेते. बाकीच्यांनी नावं कळवा. चहा आळीपाळीनं करू, आणि त्यात पुरुषांचाही नंबर लागेल.